आज्याच्या खांद्यावरचा रंग

...आन् पुसायला कोन येतंय का? न्हाई. बघायला मातर चार जन! ह्यो बघा खांदा, ह्यो बघा सदरा, सकाळपास्नं चौथा हाय ह्यो, अजून दुपारची भाकरी पोटात गेली न्हाई, आन् नातीनं खांद्यावर भळ्ळकन दूध टाकलं की घरातली समदी हातातली कामं सोडून पळत येत्यात, मला वाटतं आता कुनीतरी फडकं आननार, तर न्हाई, माझी मान धरत्यात, खांदा उजेडाकडं वळवत्यात, डोळं बारीक करून बघत्यात, 'पांढरं हाय' म्हनत्यात, आन् गेली पुन्ना आपापल्या कामाला. मी तसाच वला. तुमीच सांगा, माघाचा गारठा, वडूजकडचा वारा, आन् म्हातारा मानूस खांद्यावर दही घेऊन हुबा, ह्याला काय म्हनायचं? तुमी म्हनाल, कोंडीबा, आरं जल्मभर तुझ्या खांद्यावर काळं घोंगडं हुतं, ते कुठं गेलं? सांगतो की. त्येच तर सांगतोय, तुमी मधी बोलू नगा.

तर मी मेंढरं राखनारा मानूस. बाप राखायचा, आजा राखायचा. पोरगा अमृत, त्यो काय मेंढरांत रमला न्हाई, त्यो म्हाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, मुंबईच्या लोकास्नी दरी दावतो. आता दरी काय दावायची आसती का? पडायचीच जागा ती. पर आसू दे. त्येची बायकू राणी, बावीस वर्सांची, बारावी शिकल्याली, तोंडातनं शब्द काडायचा तर आधी तीनदा इचार करनारी. आन् त्येंची ही लेक, माझी नात, दीपमाला. नाव आत्यानं ठिवलं, म्हंजे माझ्या लेकीनं, मंगलनं. मी म्हनलं सोपं ठेव, तर म्हनली, 'दादा, नाव ठेवायचा मान आत्याचा, तुमी गप बसा.' बसलो गप. घरात मी बहुतेक गपच आसतो, म्हनून तर तुमास्नी धरून सांगाया लागतंय.

ही पोर पयल्या आठवड्यापास्नंच टाकायची. पाजलं की टाकायची, ढेकर काडली की टाकायची, हसली की टाकायची. राणी घाबरली. तर आमची हरणाबाई, म्हंजे माझी मालकीन, जिनं चार पोरं वाडवली, ती काय म्हनली? 'लेकरू हाय, टाकायचंच.' मंगलला फोन लावला, ती तिकडनं म्हनली, 'आगं वयनी, लेकरू हाय, टाकायचंच, टाकनारं पोर अंग धरतं.' आन् मी बी म्हनलं, खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त मीच म्हनलं. येनाऱ्या जानाऱ्याला सांगायचो, लेकरू हाय, टाकायचंच. जसं काय मी लय शिकल्याला हाय त्यातला.

तरी राणीचं मन मानंना, म्हनून वडूजला बाई डॉक्टरकडं न्हेलं. तरनी पोर हाय डॉक्टर, पर नजर आशी की मेंढरात लंगडं कुठलं ते लांबनं वळखंल. तिनं वजन केलं, पोट दाबलं, आन् म्हनली, 'आजोबा, काळजीचं काही नाही. पोटाच्या तोंडाशी जी झडप असते ना, ती एवढ्या लहान बाळांची सैल असते, म्हणून दूध परत वर येतं. वजन छान वाढतंय. पाजल्यावर वीस मिनिटं उभं धरा, खांद्यावर घ्या. वर्षभरात आपोआप थांबेल.' मी राणीकडं बघितलं, म्हनलं बघ, आमी काय येगळं सांगत हुतो? आन् उठलो. तर दारातनं तिनं माघारी बोलावलं. 'आजोबा, एक लक्षात ठेवा. पांढरं टाकलं, दह्यासारखं टाकलं, तर घाबरायचं नाही. हिरवं टाकलं तर मात्र घरी थांबायचं नाही. दिवस असो, रात्र असो, तडक निघायचं.'

आन् मी हसलो. व्हय, हसलो. म्हनलं, बाई, दुधावरचं लेकरू हिरवं टाकंल कुठनं? आमच्यात कोकरू दुधावर हाय तवर त्येच्या तोंडाला हिरवं लागत न्हाई. हिरवं दिसलं की आमी वळखतो, गडी चाऱ्याला लागला. हिनं काय चारा खाल्लाय व्हय? ती काय हसली न्हाई. नुसती म्हनली, 'म्हणूनच सांगते, आजोबा.' मला वाटलं, शिकल्याल्या लोकास्नी गंमत कळत न्हाई.

झालं. वीस मिन्टं हुबं धरायचं काम कुनाकडं आलं? बायकास्नी येळ न्हाई, अमृत म्हाबळेश्वरला, मेंढरं आता धाकटा भाऊ बघतो, मग ऱ्हायला कोन? मी. दिसातनं आठ बारी. खांद्यावर घोंगडं, घोंगड्यावर नात, आन् मी अंगनातनं ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापतोर. खरं सांगू का, मला लय बरं वाटायचं. माझ्या चार पोरांतलं एक बी मी आसं फिरवलं न्हाई, तवा मेंढरांमागं आठ आठ म्हयनं बाहीर. ही मातर कानाशी हुं हुं करायची. मग भळ्ळकन टाकायची. काळ्या घोंगड्यावर पांढरं दूध, चांदन्या पडल्यागत. वाळलं की झटकायचं, हाय काय आन् न्हाई काय. लेकरू हाय, टाकायचंच.

आता हितनं नीट ऐका.

पोर दीड म्हयन्याची झाली, आन् एक दिस माझ्या ध्यानात आलं की घोंगड्यावर पांढरं काय दिसत न्हाई. वलं लागायचं, हाताला वलं लागायचं, पर पांढरं न्हाई. म्हनलं, नुसती लाळ गाळतीया, दूध टाकायची थांबली! दुसऱ्या दिशी बी तसंच. मी समद्या गल्लीला सांगितलं. केरबाला सांगितलं, केरबा म्हंजे आमचा शेजारी, त्येचा मेंढरं न्यायाचा छोटा टेम्पो हाय, त्येला म्हनलं, आरं डॉक्टर म्हनली वर्स लागंल, मी पंधरा दिसात थांबवली, खांद्याचा गुन हाय गड्या. दोन दिस मी ह्यो खांदा मिरवत फिरलो.

आन् त्याच दोन दिसांत राणी एकदा हळूच म्हनली, 'मामा, माझ्या पदराला जरा हिरवट लागल्यागत वाटतंय.' मला म्हनली. मलाच. मी काय तोंड उघडायच्या आत हरणाबाई आतनं वराडली, 'आगं, मंगलनं ओव्याच्या पानाचा रस द्यायला सांगितला हुता न्हवं, त्योच आसंल. आन त्यो पदर हिकडं, डाग बसंल.' घेतला, धुतला, वाळत घातला. आमच्या हरणाबाईच्या हातात कापड गेलं म्हंजे पुरावा गेला बघा. डागाचं आन् तिचं पयल्यापास्नं वाकडं. राणी गप बसली. आन् मी? मी बी बसलो. रसाचं नाव निघालं, मनाला पटलं, कशाला उगं टोकरायचं?

तिसऱ्या दिशी सकाळी उठून बघतो तर खांद्याला घोंगडं न्हाई. कुठं गेलं? हरणाबाईनं धुतलं! आवं, घोंगडं काय रोज धुत्यात का? दसऱ्याला एकदा धुवायचं, पानी निथळाया दोन दिस जात्यात. म्हनलं, आगं, हे काय केलंस? तर म्हनली, 'नासक्या दुधाचा वास मारतोय त्येला, सारं घर वासाडलंय. दोन दिस सदऱ्यावर घ्या पोरीला, झिजत न्हाई तुमी.' भांडलो मी. लय भांडलो. रागारागानं बाजाराचा पांढरा सदरा चडवला, पोरीला खांद्यावर घेतलं, पोर सकाळपास्नं किरकिरत हुती, पाय पोटाशी घेत हुती, म्हनलं वारा धरला आसंल, दोन येरझारा मारल्या, आन् तिनं टाकलं.

खाली बघितलं. सदऱ्यावर हिरवं.

हिरवट न्हाई, पिवळट न्हाई. कवळ्या ज्वारीच्या पाल्यागत हिरवं. मी म्हनलं, आगं हरणे, ओव्याचा रस किती पाजलास पोरीला? तर ती म्हनली, 'मी कुठं दिला? राणीनं दिला.' राणी चुलीपास्नं उठून आली, म्हनली, 'न्हाई आत्या, मी न्हाई दिला. आंघोळ, गुटी तुमी करता, मला वाटलं तुमी दिलासा.' आता दोघी एकमेकींकडं बघाय लागल्या. मी मंगलला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हनली, 'दादा, मी नुसतं सांगितलं हुतं. वयनी म्हनली, डॉक्टरला इचारून देऊ.' म्हंजे सांगनारीनं सांगितलं, ऐकनारीनं ऐकलं, आन् दिला कुनीच न्हाई! दोन दिस आमी त्या रसाच्या भरवशावर निवांत, आन् रस झाडालाच!

मग हिरवं कुठनं आलं?

तवा त्या डॉक्टर पोरीचं तोंड माझ्या डोळ्यापुढं आलं. ती का हसली न्हाई, ते कळलं. आन् दुसरं बी कळलं, ते मी कुनाला बोललो न्हाई, तुमास्नी सांगतो. काळ्या घोंगड्यावर हिरवं दिसत न्हाई. पांढरं दिसतं. हिरवं पडलं की नुसतं वलं लागतं. दोन दिस मी ज्येला लाळ लाळ म्हनत समद्या गल्लीला खांदा दावत फिरलो, ते हिरवंच हुतं.

म्हनलं, केरबाला बोलवा. आन् तेवढ्यात हरणाबाई म्हनती काय? 'आवं, सदरा काडा, धुऊन टाकते, दुसरा घाला.' मी वराडलो. पस्तीस वर्सांत तिच्यावर एवढा वराडलो नव्हतो. म्हनलं, ह्या सदऱ्याला हात लावशील तर याद राख, ह्यो डॉक्टरला दावायचाय. तर म्हनली, 'आसल्या कापडात शेरात जानार? लोक काय म्हनतील, घरात बाई न्हाई का ह्येच्या?' पोर कळवळतीया आन् हिला लोकांचं! पर एक सांगतो, भ्याली की ती कापडं धुती. दुसरं काय करायचं तिनं?

वडूजला बाई डॉक्टरनं पोरीला बघायच्या आधी माझा खांदा बघितला. मग पोरीच्या नाकातनं बारीक नळी घातली, हाताला सुई लावली, चिठ्ठी लिवली, फोन लावला सांगलीला. 'लहान मुलांचे सर्जन आहेत, मी बोललेय त्यांच्याशी. रुग्णवाहिका साताऱ्याला बाळंतीण घेऊन गेलीय, तिची वाट बघू नका. आणि हो, आता दूध पाजायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही.' राणीनं इचारलं, 'रडली तर?' ती म्हनली, 'रडली तरी.'

निघालो. म्होरं केरबा, मधी मी, कडंला राणी पोरीला घेऊन. मागं मेंढरांच्या जागी हरणाबाई, गठुळं घेऊन. त्या गठुळ्यात काय? दुसरा सदरा! आता केरबाचं काय हाय, त्यो जल्मभर मेंढरं वाहतोय, ब्रेक मारला की मेंढरं एकमेकांवर पडत्यात, म्हनून त्येला हळू चालवायची सवय. चाळीसच्या वर काटा जाईना. मी म्हनलं, केरबा, दाब की रं. तर म्हनतो, 'दाबतो की. पर तुमी उगं घाबरताय कोंडीबादा, लेकरू हाय, टाकायचंच.' त्या घडीला त्ये शब्द माझ्या कानात आसं गेलं बघा... म्हयनाभर मीच पेरलं हुतं, आता उगवून माझ्याच म्होरं आलं.

मायणी गेली. पोर रडत हुती. आईचं दूध हाय, पोर भुकेली हाय, आन् पाजायचं न्हाई. राणीचा पदर पार भिजला, ती नुसती म्होरं रस्त्याकडं बघत ऱ्हायली, पोरीचं तोंड दुसऱ्या अंगाला करून, का तर छातीशी धरलं की ती तोंड लावती. मागनं काचंवर टकटक. हरणाबाई. 'सदराऽऽ बदला!' मी मान हलवली, न्हाई. पाच मैलांवर पुन्ना टकटक.

आन् विटा यायच्या आधी पोर गप झाली.

केरबा म्हनला, 'बघा, झोपली. सुटलं पोटातलं.' आन् विट्यात गाडी कडंला घेतली, च्या सांगितला. सवय हो, मेंढराच्या फेरीला विट्यात च्या घ्यायाचाच, इंजान बी गार हुतंय म्हनतो. कपबशी हातात, बशीत वतून फुंकर मारतोय. टपरीवरची बाई आत डोकावून म्हनती, 'कशाला येवढ्या लांब न्हेताय? लेकरू हाय, टाकायचंच.' मी पोरीच्या गालाला बोट लावलं. गार. डोळं अर्धं उघडं. मेंढरं राखल्याला मानूस हाय मी, कोकरू झोपलंय कवा आन् त्येनं अंग सोडलंय कवा, ह्यो फरक मला कळतो. मी केरबाला हातानं खुनावलं, त्यो बशीत फुंकरच मारतोय.

तर राणी बोलली. सासऱ्याम्होरं कवा आवाज न चडवल्याली पोर, अख्ख्या विट्याला ऐकू जाईल आशी बोलली, 'केरबाकाका, च्या खाली ठेवा!' केरबानं कपबशी ठिवली. भरल्याली. बसला गाडीत, आन् तिथनं सांगलीपतोर त्या टेम्पोनं काय पळ काडला म्हनता, मागं हरणाबाई दोन्ही हातानी दांडा धरून, गठुळं दातात. तासगाव कवा गेलं कळलं न्हाई. टकटक बी बंद.

सांगलीच्या दवाखान्यात दारावर गडी, 'एकच माणूस आत.' मी म्हनलं, बाबा, मी मानूस न्हाई, कागद हाय, मला आत सोड. खिडकीत एक बाई, 'फाईल?' फाईल न्हाई, सदरा हाय. ती नाकाला रुमाल लावून मागं सरकली. मग एक तरना डॉक्टर पळत आला, 'वडूजचं बाळ का? उलटीचा रंग कुठला होता?' मी नुसता खांदा म्होरं केला. त्येनं बघितलं आन् आत वळून हाक मारली, 'सर!' मोठं डॉक्टर आलं, पिकल्या केसांचं. कुनी तोंडाकडं बघंना माझ्या, समदी खांद्याकडं. चार तासांचा वाळल्याला डाग, पर रंग जशाचा तसा.

मोठ्या डॉक्टरनी इचारलं, 'हे पहिल्यांदाच? की याआधीही हिरवं टाकलं होतं?'

आता काय सांगू? हरणाबाई माझ्याकडं, मी जमिनीकडं. म्हनलं, डॉक्टर, ठावं न्हाई. मी तिला काळ्या घोंगड्यावर घेत हुतो. राणी म्हनली, 'परवापास्नं, डॉक्टर.' एवढंच. 'मी सांगितलं हुतं' म्हनली न्हाई. म्हनली आसती तर बरं वाटलं आसतं मला.

यंत्रानं पोट बघितलं, धा मिन्टात. मग डॉक्टरनी आमास्नी बसवलं. म्हनलं, 'बाळ आईच्या पोटात असताना आतडं फिरून आपल्या जागेवर बसतं आणि तिथं पक्कं होतं. हिचं फिरणं अर्ध्यात राहिलं. ते सुटं राहिलं, आणि आता त्याला पीळ पडलाय. रक्त अडलंय.' मला एकदम कळलं. आमी रातीला मेंढराभवती दोरीची जाळी लावतो, वाघर म्हनत्यात तिला. खुंट्या नीट न मारता वाघर लावली की वाऱ्यानं गुंडाळती. मी म्हनलं, म्हंजे जल्मापास्नंच खुंट्या न्हाईत? डॉक्टर म्हनलं, 'बरोबर. यात आईची चूक नाही, दुधाची नाही, कुणाची नाही.' ह्ये त्येनी राणीकडं बघून सांगितलं. म्हयनाभर आमी तिला म्हनत हुतो, जास्त पाजतीस.

मी म्हनलं, सोडवा मग पीळ. तर म्हनलं, 'सोडवायचाच आहे, आत्ता. पण आतडं काळं पडलं असेल तर तेवढं काढावं लागेल. किती, ते उघडल्यावर कळेल. फारच पडलं असेल, तर...' आन् थांबलं. शिकल्याला मानूस मधीच थांबला की समजायचं.

कागदावर सही राणीनं केली. अमृत तवा पसरनीचा घाट उतरत हुता, फोनवर नुसता 'दादा, दादा' करत हुता. पोरीला आत न्हेलं. येवढीशी ती, आन् ढकलगाडी येवढी मोठी.

दोन तास. तुमास्नी सांगतो, मी पानी न्हाई म्हनून मेंढरं घेऊन शंभर मैल चाललोय, लांडग्याम्होरं काठी घेऊन हुबा ऱ्हायलोय. मला भ्या म्हंजे काय ते त्या बाकड्यावर कळलं. हरणाबाई मोरीवर पोरीची कुंची धुवत हुती. धुतली, पिळली, पुन्ना वली केली, पुन्ना धुतली. मी जवळ गेलो. म्हनलं, हरणे, दोन दिस मी तिला खांद्यावर घेऊन मिरवत हुतो गं. ती म्हनली, 'आन् मी धुवत हुते.' लगीन झाल्यापास्नं आमी दोघं भांडताना तू केलंस, तुमी केलंसा म्हनत आलो. त्या दिशी पयल्यांदा, मी केलं, मी केलं. आन् सदरा बदला म्हनली न्हाई ती. गठुळं तसंच बाकड्याखाली.

दार उघडलं. डॉक्टर भाईर आलं, तोंडावरचं फडकं खाली घेतलं. आमी तिघं हुबं, केरबा भितीला टेकून. डॉक्टर म्हनलं, 'रंग आला.'

आमाला कळंना. आता कसला रंग? तर म्हनलं, 'आतडं जांभळं पडलं होतं. पीळ सोडवला, गरम पाण्याची फडकी ठेवली, आणि वाट बघत बसलो. दहा मिनिटांनी रंग परत आला. गुलाबी. काही काढावं लागलं नाही. अपेंडिक्सची जागा आता बदलते, म्हणून तेवढं काढून टाकलं.' आन् माझ्याकडं बघून म्हनलं, 'आजोबा, संध्याकाळी आला असतात तर मी हे सांगू शकलो नसतो.'  केरबा रडाय लागला. खरं तर रडायचं आमी, पर त्येच्या डोक्यात त्यो विट्याचा च्या.

धा दिस काडले तिथं. पोर दूध प्याया लागली, घरी आलो. तुमास्नी वाटंल, कथा सपली, म्हाताऱ्या, आता रडतोस कशापायी? आवं, खरी कथा आता चालू झाली! घरी आल्या आल्या पोरीनं काय केलं? टाकलं.  पळत सांगलीला. डॉक्टरनी पोरीला उचललं, आन् तिनं त्येंच्या कोटावर टाकलं. डॉक्टरनी मान वाकडी करून बघितलं, म्हनलं, 'पांढरं आहे. ही ती सैल झडप. तिचा आणि त्या पिळाचा संबंध नाही, वर्षभर चालेल.' आन् काय म्हनलं ठावं हाय? 'बाळ आहे, टाकणारच!' मी म्हनलं, डॉक्टर, ह्येच तर आमी पयल्या दिसापास्नं म्हनत हुतो! तर कोट पुसत म्हनलं, 'हो, पण तुम्ही रंग न बघता म्हणत होता.'

झालं. त्या एका वाक्यावर घरात कायदा झाला. घोंगडं खुंटीला. काळ्यावर रंग दिसत न्हाई म्हनून आज्यानं घोंगडं घ्याचं न्हाई, पांढरा सदराच घालायचा. सहा सदरं शिवून आनलं अमृतनं. मी म्हनलं, थंडी वाजती. तर हरणाबाई म्हनली, 'मी घोंगडं धुतलं म्हनून नात वाचली, इसरलासा?'  खरंच हाय ते. दिसातनं दोनदा ऐकवती. डाग धुवून पुरावा घालवनारी बी हीच, आन् वाचवनारी बी हीच!

आन् अमृत तिकडनं, गाडीत गिऱ्हाईक बसल्याली आसली तरी, फोन. तोंड दिसनारा फोन. 'दादा, फोन खांद्यावर धरा.' माझं तोंड कुनाला नगं! परवा त्येच्या गाडीतली मुंबईची बाई बी फोनमधनं म्हनली, 'पांढरं आहे हो!' म्हंजे माझा खांदा आता पार मुंबईपतोर गेला.

थांबा. थांबा जरा... ही बघा, टाकलं. पाठीतनं गार ओघळ निघालाय पार कमरंपतोर. आली बघा समदी. राणी आली, हरणाबाई आली, केरबा वईचं कुपान वलांडून आला, त्येला कोन बोलावतंय पर येतो. वळवा, वळवा मान. व्हय, पांढरं हाय. बघितलं? जावा आता. आरं, न्हाई, जावा नगा, कुनीतरी पुसा की ह्ये! आगं हरणे, फडकं तरी टाक हिकडं!

आन् आतनं काय येतंय? फडकं न्हाई. आवाज येतोय.

'लेकरू हाय, टाकायचंच.'

बघतो... पाचवा वाळलाय का.